सम्राट ज्युलियन आणि आमचं बोडण

मुंबईच्या विमानतळावर पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी माझी पिशवी थांबवली. "काका, यात धातूचं काय आहे?"

"अन्नपूर्णा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. मान किंचित लववून ती माझ्याकडे सरकवली. देवाधर्माचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला तो हा पहिलाच.

चार बोटं उंचीची पितळी मूर्ती. मांडी घालून बसलेली, हातात पळी. आमच्याकडे प्रत्येक मुलगी लग्नात माहेरून आपली अन्नपूर्णा घेऊन येते, तशी ही वसुधाबरोबर आमच्या घरी आली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नसेल. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि देव हा माझ्या दृष्टीने पुराव्याचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी वसुधा गेली. पूजा मला येत नाही आणि येत असल्याचं सोंगही करवत नाही, म्हणून पूजा बंद झाली. झालं एवढंच, की देवघर स्वयंपाकघरात असल्याने सकाळी चहा घेताना ही बाई समोर असायची, आणि केव्हापासून कोण जाणे, मी पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायला लागलो होतो. याला कुणी पूजा म्हणणार नाही.

मग मुलाचा, सलीलचा, हॉलंडहून फोन आला. त्याने तिथे घर घेतलं होतं. "बाबा, नव्या घराचं बोडण घालायचंय. आईची अन्नपूर्णा घेऊन या. आता ती इकडेच राहू दे. तिकडे तसंही कोण काय करतंय?"

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

फोरबर्ग

ज्यांच्या घरी बोडण नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात लग्न, बारसं, वास्तू असं काही झालं की काही कोकणस्थ घरांत हा कुळाचार करतात. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात. परातीत अन्नपूर्णा. तिच्यावर दूध, दही, तूप, मध, साखर, वर पुरणावरणाचा नैवेद्य, आणि पाचजणी मिळून ते हाताने कालवतात. कुमारिका "पुरे" म्हणेपर्यंत कालवत राहायचं. मग ते सगळं गाईला घालायचं. मुख्य म्हणजे हे बंद दाराआड चालतं आणि पुरुषांनी ते बघायचं नाही.

तर जे आपल्याला बघायचीसुद्धा परवानगी नाही, त्याचं पुनरुज्जीवन करायला सलील निघाला होता.

सलील आयटीत आहे. हेगला लागून असलेल्या फोरबर्गमधल्या एका रांगेतल्या घरात तो, त्याची बायको केतकी आणि नऊ वर्षांची ओवी राहतात. पोचल्यावर मला पहिली दिसली ती त्याची नवी दाढी, आणि दुसरी त्याची अकरा पानांची पीडीएफ. त्यात नियम होते, साहित्य होतं, कोणी कुठे बसायचं याची आकृती होती. चारही सवाष्णींनी येत असल्याचं कळवलं होतं: घरची केतकी, नीउ-व्हेनेपची तिची मैत्रीण ऋजुता, आणि डेल्फ्ट व आइंडहोवनच्या एकेक.

"हे सगळं तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघितले. सात. प्रत्येकात वेगळंच सांगतात, मग मी कॉमन काढलं."

"तुझ्या आईने कधी कागद बघून केलं नाही."

"म्हणूनच बाबा. आई गेली आणि ते गेलं. डॉक्युमेंट नको का करायला?"

केतकी नागपूरची, तिच्या माहेरी बोडण नाही. तिची स्वतःची अन्नपूर्णा मात्र होती, स्वयंपाकघरात जिऱ्याच्या आणि मोहरीच्या बरण्यांच्या मधे बसलेली.

"ही चालत नाही का?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"ती केतकीची," सलील म्हणाला. "कुळाचाराला आईचीच हवी."

"माझी काय रेंटवर आहे का?" केतकी पोळी उलटत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बाबा, आईंची काढून ठेवू का इथे?"

"रविवारी देतो," मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मी घरातही ती उतरवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघालो. सलीलच्या घरापासून जवळच एका बागेखाली रोमन शहर पुरलेलं आहे. वर गवत, बाकं, कुत्री फिरवणारी माणसं आणि दोन-चार माहितीचे फलक. इथे न्यायालय होतं, इथे स्नानगृह होतं असं फलक सांगतात आणि आपण गवताकडे बघून मान डोलावतो. मी एका फलकाजवळ नीट वाचायला सरकलो तो सायकलींच्या वाटेवर. मागून घंटी आली आणि एक आजी माझ्या बाहीला वारा घालत गेल्या. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण आशीर्वाद नसावा.

चौथ्या शतकातला रोमन सम्राट ज्युलियन मला तिथेच आठवला. मी त्याच्यावर अनेक वर्षं एक तास घेत असे. सम्राट होण्याआधी तो याच मुलखात होता. मास नदीकाठचे पडके किल्ले त्याने डागडुजी करून उभे केले, फ्रँकांशी लढाया केल्या, ऱ्हाइनमधून धान्याची जहाजं पुन्हा चालू केली. माणूस कर्तबगार. वाढला ख्रिस्ती घरात, पण पुस्तकं वाचून जुन्या देवांच्या प्रेमात पडला, तत्त्वज्ञासारखी दाढी राखली, आणि राज्य हातात येताच जुना धर्म परत आणायला निघाला. देवळं उघडली, पुजाऱ्यांसाठी नियम लिहिले. त्यांनी काय वाचावं, कुठे जाऊ नये, गरिबांना कसं द्यावं. बैल तर इतके बळी दिले, की मांस खाऊन सुस्तावलेल्या शिपायांना उचलून बराकीत न्यावं लागे. लोकांना सण हवे होते. नियम नको होते. त्याची अडचण ही, की धर्म ज्यांचा होता त्यांच्यापेक्षा तो त्याबद्दल जास्त गंभीर होता.

सलीलची दाढी मला परत आल्यावर जरा वेगळी दिसली.

लायडन

घरी बसवेना म्हणून लायडनला गेलो. तिथल्या संग्रहालयात नेहालेनियाच्या वेदी आहेत. रोमन काळी समुद्रावर जाणारे व्यापारी या देवीला बोलायचे, की माल सुखरूप पोचू दे, तुझी वेदी उभारीन. माल पोचला की दगडावर तसं कोरून ठेवायचे. नवस बोलला आणि फेडला, इतका सरळ व्यवहार. तिच्याबद्दलची सगळी लिखित माहिती साधारण एवढीच. पुढे समुद्राने तिचं देऊळ गिळलं आणि या वेदी नंतर कोळ्यांच्या जाळ्यांत वर आल्या.

पिशवी आत नेता येत नव्हती. कपाटात ठेवा म्हणाले. मी ठेवली, पण त्यातली लाल मखमलीची थैली काढून कोटाच्या खिशात घातली.

नेहालेनिया बसलेली असते, मांडीवर सफरचंदांची टोपली, पायाशी कुत्रा. मी बराच वेळ उभा राहिलो. दगडातली बाई मांडीवर अन्न घेऊन बसलेली आणि माझ्या खिशातली पितळी बाई हातात पळी घेऊन. रोमन वेदीवरचं फळ कोणतं, हे मी न अडखळता सांगू शकत होतो. घरातल्या मूर्तीच्या कानात काय आहे ते सांगता आलं नसतं. खिशातून थैली काढून पाहिलं. कानात फुलं होती, झिजून सपाट झालेली. पळीच्या खाचेत पीतांबरीची पांढरी पूड अडकलेली होती. वसुधा ही भांड्यांची पूड लावून घासायची आणि खाच तेवढी तिच्या बोटाला पोचत नसे.

पहारेकरी जवळ आला, कारण संग्रहालयात खिशातून मूर्ती काढणारा म्हातारा त्याला आवडला नसावा. मी मखमल, मूर्ती आणि विमानाचं तिकीट असं सगळं दाखवलं. तो हसला, तरी बाहेर पडेपर्यंत दोन दालनं अंतर ठेवून माझ्यामागे होता.

एल्स्ट

सलीलने शनिवारी सामान आणायला चला म्हटलं. मी उलट दिशेची गाडी पकडली. आर्नेम आणि नायमेखन यांच्यामधलं एल्स्ट हे गाव, तिथलं चर्च रोमन देवळावर उभं आहे. स्टेशनातून बाहेर पडताना कार्ड दाखवायचं विसरलो आणि चर्चपर्यंत पोचल्यावर आठवलं. परत गेलो, कार्ड टेकवलं, परत आलो. तोवर चर्च बंद. शेजारच्या बाकावर एक उंच, वाकलेले गृहस्थ सँडविच खात होते. त्यांच्या मांडीवर किल्ल्यांचा जुडगा होता.

"दोन वाजता उघडेल," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "लांबून आलात?"

"पुण्याहून."

"मग चला." सँडविच कागदात गुंडाळून त्यांनी खिशात घातलं.

आत जमिनीखाली त्या देवळाचा पाया दिसतो. दगडी ओळी, अर्धवट भिंत. खोदताना बैल, मेंढा आणि डुक्कर यांच्या कवट्या सापडल्या. देऊळ बांधताना दिलेले बळी. ज्युलियन या भागात आला तेव्हा हे देऊळ बहुधा पडलेलंच होतं. त्याने पाहिलं असतं तर लगेच समिती नेमली असती.

"तुम्ही इथले धर्मगुरू?" मी विचारलं.

"छे. मी देव मानत नाही. मी किल्ल्या सांभाळतो." हातातला जुडगा हलवत म्हणाले, "कोणीतरी सांभाळायला हव्यात. पूर्वी आम्ही सातजण होतो."

"लोक येतात?"

"गाण्याचा कार्यक्रम असला की येतात. तुम्ही धार्मिक आहात?"

"मी नाही. माझा मुलगा व्हायच्या बेतात आहे."

त्यांना ते पटलं. मी कठड्यापाशी उभा होतो आणि थैली नकळत हातात आली होती. त्यांनी विचारलं म्हणून मूर्ती काढून कठड्यावर ठेवली. वाकून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती पाहिली.

"चमचा आहे हिच्याकडे."

"जेवायला वाढते ती."

"मग कामाची आहे." त्यांनी बोट लावलं नाही. "राहते कुठे?"

"माझ्या बायकोबरोबर राहायची. आता उद्या ठरणार आहे. मुलाने मागितली आहे."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो."

"अरेरे," ते म्हणाले. इतकंच. डच माणसं सांत्वन करायला फार जागा घेत नाहीत.

रविवार

सकाळी सलीलच्या फोनवर दोन निरोप आले. डेल्फ्टच्या बाईंच्या मुलाला कांजिण्या. आइंडहोवनच्या इंजिनिअर, त्यांच्या कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रात काहीतरी बिघडलं म्हणून त्यांना बोलावून नेलं होतं. सलील फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पुरण शिजलं होतं, पाट मांडले होते, आकृतीप्रमाणे.

मी त्याला ती गोष्ट सांगितली. सांगायला नको होती. सिरियातल्या अँटिओकजवळ दाफ्नी नावाचं अपोलोचं मोठं देवस्थान होतं. वार्षिक उत्सवाला सम्राट ज्युलियन धावत गेला. मिरवणूक असेल, बैल असतील, पांढऱ्या कपड्यांतली मुलं गात असतील असं त्याच्या मनात. तिथे धूपसुद्धा नव्हता. एक म्हातारा पुजारी होता आणि त्याने देवासाठी स्वतःच्या घरून एक कलहंस आणला होता. गावाने काहीच पाठवलं नव्हतं.

"मग राजाने काय केलं?"

"गावाला भाषण दिलं."

"मी भाषण देत नाहीये," सलील म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि मला एकदम तो शाळेतला दिसला. "मला फक्त एकदा नीट करायचंय. आई शेवटच्या वेळी फोनवर म्हणाली होती, तू घर घेतलंस की बोडण घालायचं."

हे मला माहीत नव्हतं. मी थैली काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती केतकीला दिली.

"मी बघते," केतकी म्हणाली आणि तिने एक फोन केला.

ऋजुता आली ती नऊवारीवर रेनकोट घालून. तिच्यामागून शेजारच्या लीलाताई. लीलाताई सुरिनामच्या, पणजोबा बिहारातून ऊस तोडायला सुरिनामला गेले, आई-वडील तिथून हॉलंडला आले. हातात कापडात बांधलेल्या डाळपुऱ्या होत्या, आमच्या पुरणपोळीच्या तिखट चुलतबहिणी. चार पिढ्या आणि दोन समुद्र ओलांडून ती डाळ पुरीच्या आतच राहिली होती, आणि कोणीही पीडीएफ केली नव्हती. "बताव बेटी, हम का करी?" त्या केतकीला म्हणाल्या.

सलीलने तिला बाजूला घेतलं. "अगं, पण त्यांचे मिस्टर तर..."

"गेलेत. माहितेय मला."

"सवाष्ण लागते. आणि तरी तीनच होतात."

"सलील, आत काय चालतं ते पुरुषांनी बघायचं नाही. तुझाच सहावा नियम." तिने ओवीचा हात धरला आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघे जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. मला बसवत नव्हतं. उठलो, पुन्हा बसलो. आतून भांड्यांचा आवाज, मग लीलाताईंचं कसलंसं गाणं, मग ऋजुताचं हसणं. सलील पीडीएफ उघडून कितव्या पायरीवर असतील याचा अंदाज घेत होता.

"ओवी, पुरे का गं?" केतकीचा आवाज.

"नोख निट," ओवी म्हणाली. अजून नाही.

पुन्हा हसणं. पुन्हा विचारणा. "नोख निट." तुपादुधात कोपरापर्यंत हात घालायची परवानगी मिळालेली मुलगी लवकर का तृप्त होईल? चौथ्या वेळी मात्र ती म्हणाली, "पुरे." मराठीत. सलीलने फोन बंद केला आणि डोळे पुसले. मी जिन्याच्या कठड्याचं सुतारकाम पाहत राहिलो.

लायडस्खेनडामच्या पुढे

राहिली होती गाय. हॉलंडमध्ये गाय मिळणं ही अडचण असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ऋजुता आणि लीलाताई मागे आवरायला थांबल्या. आम्ही चौघे डबा घेऊन गाडीने निघालो. लायडस्खेनडाम ओलांडलं की कुरणंच कुरणं, आणि त्यात गाई नकाशावर ठेवल्यासारख्या. एका गोठ्यापाशी थांबलो. शेतकरी बूट धूत होता. सलीलने त्याला सगळं समजावलं, डबा उघडून दाखवला. त्याने वास घेतला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण माख निट." म्हणजे चालायचं नाही. स्वयंपाकघरातलं काहीही जनावरांना घालायला कायद्याने बंदी आहे.

"एकच घास. धार्मिक कारण आहे," सलील म्हणाला.

"गाईला धर्म नाही. तिला चार पोटं आहेत आणि मला तपासणी आहे." मग जरा मऊ होऊन, "तुमच्या घरी हिरवा डबा असेल ना? ओल्या कचऱ्याचा?"

सलीलचा चेहरा पाहून त्याने विषय सोडला. केतकीने पिशवीतली पुरणपोळी त्याला दिली. ती त्याने उभ्याउभ्या, पूर्ण, खाल्ली. त्याला कायदा आड आला नाही.

आम्ही कालव्याच्या काठी गवतात बसलो. सलीलने डबा मांडीवर घेतला होता. झाकण उघडंच राहिलं होतं. समोरच्या पाण्यातून दोन कलहंस वर आले, मग पाच, मान पुढे काढून, आपल्या बापाची जागा असल्यासारखे. पहिल्याने डब्यात थेट चोच घातली. सलील दचकला, डबा गवतात पडला आणि मग काही करायचं उरलंच नाही. ओवी पोट धरून हसत होती.

"बाबा," सलील माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही बोलू नका."

थोड्या वेळाने तोच हसायला लागला.

स्खिपोल

परतीच्या दिवशी मी हलका होऊन निघेन असं वाटलं होतं. पिशवी तीच, पण खांद्याला सारखी नको तिथे टेकत होती. केतकीने दारात नमस्कार केला. "बाबा, पिशवीत वाटेसाठी खायला ठेवलंय. लगेच उघडू नका." ओवीने मिठी मारली आणि माझ्या कानात डचमध्ये काहीतरी सांगितलं. तिला वाटलं मला कळलं.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी थांबली. हातमोजे घातलेल्या तरुण मुलीने खाण्याच्या डब्याखालून लाल मखमलीची थैली काढली आणि माझ्यासमोर तबकात रिकामी केली. आधी तांदूळ सांडले. मग एक हळकुंड, सुपारी, घडी घातलेला खण. शेवटी अन्नपूर्णा.

"हे जुनं आहे का? पुराणवस्तू?"

"नाही," मी म्हणालो. "बायकोची आहे."

मूर्ती हातात घेतली. जी कोपरभर तुपादह्यात बुडायला हवी होती, ती कोरडी होती. पळीच्या खाचेत पीतांबरीची पांढरी पूड होती तशीच होती.

पलीकडच्या बाकावर बसून केतकीला निरोप पाठवला: "ही बोडणात नव्हती?"

उत्तर लगेच आलं. "परातीत माझी होती. चौथी सवाष्ण कमी पडत होती ना बाबा? तुम्ही आहात, म्हणजे आई सवाष्णच गेल्या. त्यांना चौथ्या पाटावर बसवलं. सवाष्णीला ओटी भरून घरी पाठवतात. सलीलला सांगितलेलं नाही, सहावा नियम."

हे छापून आल्यावर त्याला कळेलच. नियम मोडल्याबद्दल त्याने माझ्याकडे बघावं.

तबकातले तांदूळ गोळा करायला मी परत गेलो. मागे रांग अडली होती. त्या मुलीने मोजे काढले आणि उरलेले दाणे नखाने वेचून माझ्या तळहातावर ठेवले.